शेवटचा आकडा कुठे बदलला?

९००७१९९२५४७४०९९३. जावात लिहिलेल्या सर्व्हरवरून हा सोळा आकडी क्रमांक निघतो तेव्हा त्याच्या शेवटी तीन असतो. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टने तो वाचला की शेवटी दोन दिसतो. स्क्रीनवर कुठलाही इशारा येत नाही, प्रोग्रॅमही बंद पडत नाही. मागितलेली नोंद मात्र सापडत नाही, किंवा तिच्या जागी भलतीच नोंद उघडते.

ट्विटरपुढे हा प्रश्न २०१० मध्ये उभा राहिला. ट्विटना क्रमांक देण्यासाठी कंपनीने ‘स्नोफ्लेक’ नावाची नवी पद्धत आणली आणि तिचे क्रमांक ६४ बिटांचे होते. जावास्क्रिप्ट मात्र साध्या पूर्णांकालाही दशांश संख्येच्याच साच्यात बसवते. त्या साच्यात ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच पूर्णांक बिनचूक राहतात. पुढचे जवळच्या संख्येवर सरकू शकतात. यावर ट्विटरने साधा तोडगा काढला. उत्तरात तोच क्रमांक दोनदा पाठवायचा, एकदा संख्या म्हणून आणि एकदा अवतरणचिन्हांतला मजकूर म्हणून. मजकुरावर कुणी गणित करत नाही, त्यामुळे त्यातला आकडा हलत नाही.

या घोटाळ्याचे मूळ सिरियलायझेशनमध्ये आहे. चालू प्रोग्रॅममधली माहिती, म्हणजे ऑब्जेक्ट, संगणकाच्या मेमरीत विखुरलेली असते आणि तिचे तुकडे एकमेकांच्या पत्त्यांनी जोडलेले असतात. दुसऱ्या यंत्रावर त्या पत्त्यांना काहीच अर्थ नसतो. म्हणून पाठवण्याआधी सगळी माहिती एका सलग मजकुरात उतरवावी लागते आणि पलीकडे त्या मजकुरातून ऑब्जेक्ट पुन्हा उभा करावा लागतो. दोन्ही टोकांना एकच भाषा असेल तर हे सहसा निभावते. आजच्या वेबवर मात्र सर्व्हर पीएचपी, पायथन किंवा जावाचा असतो आणि ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालते.

या सगळ्यांना जोडणारा सर्वांत रुळलेला मजकूर म्हणजे जेसन. डग्लस क्रॉकफर्ड यांनी तो लोकप्रिय केला. त्यात जेमतेम सहा प्रकारच्या गोष्टी लिहिता येतात: मजकूर, संख्या, खरे-खोटे, ‘नल’ म्हणजे काहीच नाही, यादी आणि नाव-किंमत जोड्यांचा संच. इतका आटोपशीर असल्यामुळेच तो सर्वत्र पोचला. पण जे त्यात लिहिता येत नाही, त्याचा अर्थ प्रत्येक भाषा आपापल्या परीने लावते.

तारखेचेच पाहा. जेसनमध्ये तारीख असा प्रकारच नाही. मुंबईतल्या कुणी फॉर्ममध्ये १५ ऑगस्ट ही जन्मतारीख निवडली आणि जावास्क्रिप्टने ती भारतीय वेळेनुसार मध्यरात्र म्हणून धरली, तर जागतिक वेळेत तो क्षण १४ ऑगस्टच्या संध्याकाळी साडेसहाचा होतो. सर्व्हरने त्यातला तारखेचाच भाग उचलला की माणूस कागदोपत्री एक दिवस आधी जन्मतो. दुसरा घोळ एककाचा. १ जानेवारी १९७० पासूनचा काळ पीएचपी सेकंदांत मोजते, तर जावास्क्रिप्ट मिलिसेकंदांत. १७००००००००  हा आकडा सेकंद म्हणून वाचला तर नोव्हेंबर २०२३ येतो. मिलिसेकंद म्हणून वाचला तर २० जानेवारी १९७०!

पीएचपीची आणखी एक खोड आहे. यादी आणि जोड्यांचा संच या दोन्हींसाठी तिच्याकडे ‘ॲरे’ हा एकच प्रकार आहे. संचात काही असेल तर तो महिरपी कंसात जातो, रिकामा असेल तर चौकटी कंसात. महिरपी कंसाची वाट पाहणारा जावाचा प्रोग्रॅम इथे अडतो, आणि तेही ज्याच्या खात्यात काहीच नाही अशा एखाद्याच ग्राहकाच्या बाबतीत. बाकी सगळ्यांचे सुरळीत चाललेले असल्याने हा दोष लवकर हाती लागत नाही.

देवनागरी मजकुरातले बिघाड पाहताना आधी खरा बिघाड ओळखावा लागतो. पायथन आपल्या नेहमीच्या रीतीने ‘म’ ऐवजी त्याचा युनिकोड क्रमांक लिहिते. ते दिसायला विचित्र असले तरी पलीकडे ‘म’ जसाच्या तसा उमटतो. खरे नुकसान होते ते यूटीएफ-८ मधला मजकूर जुन्या युरोपीय संकेतानुसार वाचला तर. ‘मराठी’ या शब्दाचे पंधरा बाइट होतात आणि मग प्रत्येक बाइट स्वतंत्र चिन्ह समजला जातो.

दोष शोधण्याची सुरुवात दोन्ही प्रोग्रॅमच्या मध्ये, वाटेवरच्या मूळ मजकुरापासून करावी. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘नेटवर्क’ विभागात तो दिसतो. तिथे ‘प्रिव्ह्यू’ ऐवजी ‘रिस्पॉन्स’ पाहावे, कारण प्रिव्ह्यू जावास्क्रिप्टने वाचून झालेली माहिती दाखवू शकतो आणि मोठा क्रमांक त्यात आधीच बदललेला असू शकतो. मूळ मजकुरात शेवटी तीन असेल तर सर्व्हर निर्दोष ठरतो आणि शोध ब्राउझरच्या बाजूला वळतो.

एक आडवाट मात्र टाळायलाच हवी. पायथनचे ‘पिकल’ किंवा जावाचे स्वतःचे सिरियलायझेशन वापरले की ऑब्जेक्ट फारशा खटपटीविना परत मिळतो. पण परक्याने मुद्दाम घडवलेला पिकल उघडताना त्यातल्या आज्ञाही चालू शकतात. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातच हा धोका बजावून सांगितला आहे.

गुगलने २००८ मध्ये खुल्या केलेल्या ‘प्रोटोकॉल बफर्स’मध्ये प्रत्येक रकान्याचा प्रकार आधीच लिहून ठेवावा लागतो. तीच माहिती जेसनमध्ये उतरवताना ६४ बिटांचे पूर्णांक मजकूर म्हणून जातात. जेसनच वापरायचे असेल, तर असा करार दोन्ही बाजूंच्या प्रोग्रॅमरना स्वतः करावा लागतो: ओळखक्रमांक मजकुरात, जन्मतारीख वेळेशिवाय, क्षण लिहिताना जागतिक वेळ. मग सोळा आकडी क्रमांक, मध्यरात्रीची वेळ, रिकामा संच आणि ‘ज्ञानेश्वर’सारखे जोडाक्षरी नाव असे नमुने एका फाइलमध्ये ठेवून प्रत्येक बदलानंतर दोन्ही भाषांच्या प्रोग्रॅमना वाचायला द्यायचे. ग्राहकाच्या तक्रारीतून जे महिन्यांनी कळले असते, ते या चाचणीत त्याच दिवशी दिसते.