सुई न टोचता दिसणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या

नवी रक्तवाहिनी फुटणं ही एरवी चांगली गोष्ट. जखम भरते ती त्यामुळेच. पण मधुमेह जुना झाला, की डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, हीच गोष्ट घातक ठरू शकते. कशी ते बघू या.

रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली, की पडद्यातल्या केशवाहिन्या बंद पडत जातात. ऑक्सिजन कमी पडला, की पडद्यात ‘व्हीईजीएफ’ नावाचं प्रथिन वाढतं. त्याचा निरोप एकच: नव्या वाहिन्या हव्यात. त्या येतात, पण कच्च्या भिंतींच्या. गळतात, फुटतात. तोवर अनेकांना काहीच जाणवत नाही. पेपर वाचता येतो, गाडी चालवता येते. मग एके दिवशी डोळ्यासमोर काळं जाळं पसरतं.

म्हणजे त्या आधीच दिसायला हव्यात. १९६१ पासून एक पद्धत माहीत आहे: हाताच्या शिरेत फ्लुरेसिन हा रंग टोचायचा आणि तो डोळ्यात पोचला की फोटो घ्यायचे. तपासणी चांगलीच आहे. पण काहींना मळमळतं, क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी होते. ती पुन्हा पुन्हा कोण करून घेईल?

इथे ओसीटी अँजिओग्राफी उपयोगी पडते. समजा, तुम्ही गॅलरीतून रस्त्याचे लागोपाठ दोन फोटो काढलेत. इमारती तिथेच, गाड्या मात्र सरकलेल्या. झाडांमुळे रस्ता नीट दिसला नाही, तरी गाड्यांवरून तो कुठून जातो ते कळेल. हे यंत्र तेच करतं. डोळ्यात अवरक्त प्रकाश सोडून एकाच जागेची चित्रं पुन्हा पुन्हा घेतं. पडदा स्थिर, सरकतात त्या लाल रक्तपेशी. जिथे फरक, तिथे रक्त वाहतंय. रंग नाही, सुई नाही, काम काही सेकंदांचं.

त्यामुळे व्हीईजीएफला रोखणारं इंजेक्शन डोळ्यात दिल्यावर नवी वाहिनी आक्रसली का, हे दर भेटीला बघता येतं. मर्यादाही आहेत. गाड्या दिसतात, पण फुटलेल्या पाइपातून झिरपणारं पाणी दिसत नाही. तशी इथे वाहिनीची गळती दिसत नाही. त्यासाठी अजूनही रंग लागतो.

आणि कोणतंही यंत्र समोर न बसलेल्याचा डोळा तपासत नाही. मधुमेह असेल, तर ‘मला स्वच्छ दिसतंय’ म्हणून थांबू नका. डॉक्टर सांगतील तेवढ्या वेळाने, सहसा वर्षातून एकदा तरी, पडदा तपासून घ्या.