अमरावतीचा शोधनिबंध आणि संदर्भांचे गणित

अकोला - वऱ्हाडातील विद्यापीठात झालेल्या लेखनाची दखल जगभरातील प्रयोगशाळांनी घ्यावी, असे प्रसंग विरळा. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या जैवतंत्रज्ञान विभागातील डॉ. महेंद्र राय यांनी अलका यादव व अनिकेत गाडे यांच्यासह लिहिलेला चांदीच्या अब्जांश कणांवरील आढावा-निबंध हा त्यांपैकी एक होय. 'बायोटेक्नॉलॉजी अ‍ॅडव्हान्सेस' या नियतकालिकात २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि पुढे हजारो शोधनिबंधांनी त्याचा संदर्भ दिला.

विषय असेंद्रिय रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या सीमेवरचा आहे. चांदीची जंतुनाशक शक्ती माणसाला पूर्वापार ठाऊक आहे. याच चांदीचे कण मीटरच्या एक अब्जांश इतक्या मापात मोजण्याएवढे सूक्ष्म झाले, की वजनाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग प्रचंड वाढतो आणि जिवाणूंवरील परिणामही वाढतो. असे कण रासायनिक पद्धतीने तयार करता येतात. पण त्यात अनेकदा विषारी द्रव्ये वापरावी लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अब्सार अहमद आणि सहकाऱ्यांनी या शतकाच्या आरंभी बुरशीकडून हे काम करवून घेतले. बुरशीच्या गाळलेल्या द्रवात सिल्व्हर नायट्रेट मिसळले असता चांदीच्या आयनांचे क्षपण होऊन धातूचे कण तयार होतात; बुरशीतील प्रथिने त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. द्रावण तपकिरी झाले, की कण तयार झाल्याची पहिली खूण मिळते. अमरावतीच्या गटानेही निरनिराळ्या बुरशींवर असे प्रयोग केले आणि प्रतिजैविकांच्या जोडीला हे कण दिल्यास परिणाम वाढतो का, हे तपासले.

निबंधाला एवढे संदर्भ का मिळाले? प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंची चिंता तेव्हा जगभर वाढत होती आणि विखुरलेली माहिती या निबंधात एकत्र मिळाली. नव्या संशोधकाला आरंभ करण्यासाठी असा आढावा हवाच असतो.

संदर्भ मोजण्याची पद्धत तशी जुनी नाही. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये तिची कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' प्रत्यक्षात आला. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी एच-निर्देशांक सुचविला. एखाद्या संशोधकाच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस संदर्भ मिळाले असतील, पण एकवीस निबंधांना प्रत्येकी एकवीस मिळाले नसतील, तर त्याचा निर्देशांक वीस. यात एकाच गाजलेल्या निबंधाच्या बळावर मोठेपण मिळत नाही, हा त्याचा गुण. पण त्या एका निबंधाचे खरे मोलही त्यात दिसत नाही, हा दोष.

आकड्यांच्या मर्यादा येथेच संपत नाहीत. आढावा-निबंधांना मूळ प्रयोगांच्या निबंधांपेक्षा सहसा अधिक संदर्भ मिळतात. धातूंच्या संयुगांची रचना चिकाटीने उलगडणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाचे वाचक मुळातच मोजके असतात. औषधाशी जोडलेल्या विषयाचे मात्र असंख्य. चुकीचे ठरलेले कामही खंडनासाठी उद्धृत होते. म्हणूनच २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे तयार झालेल्या जाहीरनाम्याने, नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून व्यक्तीचे मूल्यमापन करू नये, असे बजावले.

हा प्रश्न वऱ्हाडातील महाविद्यालयांना थेट भिडतो. नेमणूक आणि पदोन्नती यांसाठी निबंधांची संख्या मोजली जाऊ लागली, तेव्हा पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे फावले. अशा ठिकाणी छापलेला निबंध यादीत भर घालतो, पण वाचला जात नाही. अमरावतीच्या निबंधाचे उदाहरण नेमके उलटे आहे: तो अभ्यासकांना उपयोगी पडला, म्हणून त्याचा संदर्भ दिला गेला. अकोल्याच्या तरुण संशोधकाने आकड्याच्या मागे न लागता आपल्या कामाचा उपयोग कोणाला होईल, हा प्रश्न आधी विचारावा, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.