गाडीवरच्या माणसाला फोन कोण करतो?

शेवगावहून पैठणकडे, गेवराईकडे, तिसगावकडे, कुठल्याही रस्त्याने हंगामात संध्याकाळी निघा. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पुढे असतात, आणि पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवाच नसतो. त्यांच्या मागून मोटारसायकलवर आपलाच एखादा मुलगा मान वाकडी करून, कान आणि खांद्यामध्ये फोन दाबून बोलत येत असतो.

साधा हिशोब करू. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 16 मीटरपेक्षा जास्त पुढे जाते. मेसेज वाचायला तीन सेकंद लागले, तर 50 मीटर रस्ता न बघताच कापला गेला. कानात यंत्र घालून हात मोकळे ठेवले की झाले, असे अनेकांना वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे तसे बोलणेही फारसे सुरक्षित नाही. डोळे समोर असतात, पण मन बोलण्यात गुंतलेले असते.

मार्च 2025 मध्ये दादरहून स्वारगेटला जाणाऱ्या ई-शिवनेरीचा चालक बस चालवता चालवता मोबाईलवर क्रिकेटचा सामना पाहत होता. एका प्रवाशाने त्याचे चित्रण करून तक्रार केली. चालक बडतर्फ झाला, बस चालवणाऱ्या खासगी कंपनीला पाच हजारांचा दंड झाला. लोक संतापले, ते योग्यच होते. पण आपल्या घरच्या गाडीवर असा प्रवासी कुठे असतो? मागे बसलेली अम्मी किंवा बायको फार तर “हळू चालवा” म्हणते. “फोन द्या इकडे” असे क्वचितच कोणी म्हणते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 नुसार फोन हातात धरून गाडी चालवणे हे धोकादायक वाहन चालवणे ठरते. त्यासाठी दंड आहे, कैदही आहे. मात्र फोन करणाऱ्याला कुठलाच कायदा विचारत नाही. आणि तो फोन बहुतेक वेळा घरूनच जातो. “कुठवर आलास?” “येताना दूध आण.” उचलला नाही तर पुन्हा, मग तिसऱ्यांदा. घरी गेल्यावर बोलणी खावी लागतात म्हणून तो बिचारा चालत्या गाडीवरच उचलतो. काळजीपोटी केलेला फोनच त्याच्या जिवावर बेतू शकतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

आम्हाला वाटते, घराघरात एवढे ठरावे. निघणाऱ्याने निघतानाच सांगावे, “पाऊण तास लागेल.” तेवढा वेळ घरून फोन जाऊ नये. चुकून गेलाच, तर पहिला प्रश्न “गाडीवर आहेस का?” हा असावा, आणि उत्तर “हो” आले की लगेच ठेवून द्यावा. सफरची दुआ पढून गाडी सुरू करतो, त्याच वेळी फोन गप्प करून डिकीत टाकावा.

रमजानमध्ये इफ्तारच्या आधीचा अर्धा तास तर सर्वांत घाईचा. घरात दस्तरखान मांडलेला, बाहेर गाडीवरचा माणूस उपाशी, थकलेला, आणि वर फोन वाजतोय. डिकीत चार खजुरा आणि पाण्याची बाटली ठेवली, तर मगरिबची अजान वाटेत झाली तरी रस्त्याच्या कडेला गाडी लावून रोजा सोडता येतो. मग उरलेली वाट त्याला सावकाश कापू द्या.