चूक होणं आणि चूक टिकणं

राजापुरात कावीळ म्हटली की आपण आधी विहिरीच्या पाण्याकडे बघतो. 'ए' आणि 'ई' या विषाणूंपुरतं ते बरोबरच. आज रक्तातून पसरणारे 'बी' आणि 'सी' घेऊया.

'सी'ची जनुकीय पोथी सुमारे ९,६०० अक्षरांची. तिची नक्कल करणारं एन्झाइम आपली चूक तपासत नाही. दहा हजार ते एक लाख अक्षरांमागे एक चूक होते. म्हणजे एकाच रुग्णात पाठभेदांचा घोळका असतो. प्रतिपिंडं एकाला ओळखेपर्यंत दुसरा पुढे आलेला! लस अजून नाही त्याचं हे मोठं कारण. औषधं मात्र चांगली आहेत.

आता गंमत बघा. 'बी'चा नकलनवीसही चुका तपासत नाही. तरी त्याची लस चाळीस वर्षं चालतेय, ती कशी? पोथी जेमतेम ३,२०० अक्षरांची, आणि त्यातली निम्म्याहून अधिक अक्षरं श्लेषासारखी दोनदा वाचली जातात, दोन वेगळ्या प्रथिनांसाठी. एक अक्षर बदललं की दोन्ही अर्थ बिघडू शकतात, नि ती प्रत मागे पडते. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हे उशिराच उमगलं.

पण लॅमिव्ह्युडिन हे एकच औषध वर्षानुवर्षं दिलं, तेव्हा त्याला चुकवणाऱ्या प्रतीच टिकल्या. म्हणून आता बहुधा टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर देतात. तेही आपल्या मनाने बंद करायचं नसतं.