शेतकऱ्याचा गुडघा

बाजारांत बैल घ्यावयास गेलेला शेतकरी प्रथम त्याचे दांत पाहतो आणि लगेच त्याला दहा पावलें चालवून पाहतो. बैल जरा लंगडला कीं सौदा तेथेंच मोडतो. घरच्या बैलाचा पाय दुखावला तर संध्याकाळच्या आंत गुरांच्या डॉक्टरास बोलावणें जातें. परंतु हाच शेतकरी स्वतः दोन-दोन वर्षें लंगडत चालतो, त्याची कारभारीण भिंतीचा आधार घेऊन चुलीपासून उठते, आणि दोघेंही एकमेकांस सांगतात कीं, "आतां वयच झालें." हें उत्तर कितपत खरें आहे, आणि तें खरें मानल्यानें आपण काय गमावतों, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

भिवंडी शहरांतील धामणकर नाक्यावर अर्धा तास उभें राहिलें म्हणजे या दुखण्याचा पसारा ध्यानांत येतो. तालुक्यांतील खेड्यांतून आलेली म्हातारी रिक्षांतून उतरतांना आधीं एक पाय खालीं सोडते, दांडी घट्ट धरते आणि मग दुसरा पाय ओढून घेते. यंत्रमागावरची पाळी संपवून आलेला कामगार टपरीपाशीं उभ्यानेंच चहा घेतो. बसलें तर उठण्याची पंचाईत. एकाचा जन्म भाताच्या खाचरांत वांकून गेला, दुसऱ्याचा मागापुढें तासन् तास उभें राहण्यांत गेला. धंदे निराळे, पण दोघांचेंही गाऱ्हाणें गुडघ्याचेंच आहे.

गुडघा म्हणजे मांडीचें हाड व नडगीचें हाड यांचा सांधा. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि सांध्यांत वंगणासारखा द्रव असतो. कूर्चा झिजते, हाडांच्या कडा वाढतात, सांधा सुजतो व आंखडतो. या विकारास डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. गुडघ्यास गाडीच्या आंसाची उपमा नेहमीं दिली जाते, पण ती अर्धीच खरी आहे. झिजलेली कूर्चा पूर्ववत् होत नाहीं हें खरें. तथापि आंसाच्या भोंवतीं स्नायू नसतात, गुडघ्याच्या भोंवतीं ते असतात, आणि ते साठाव्या वर्षींही बळकट करतां येतात. क्ष-किरणांच्या चित्रांत पुष्कळ झीज दिसूनही कांहीं माणसें सुखानें चालतात व थोड्याशा झिजेनें कांहीं माणसें हैराण होतात, याचें एक कारण हेंच होय.

मग या दुखण्याचें माप कसें घ्यावें? केवळ "किती दुखतें" असें विचारून तें मिळत नाहीं. त्यानें माणसाचें काय काय हिरावून घेतलें, हें विचारलें पाहिजे. गुडघेदुखीचें माप घेण्यासाठीं पाश्चात्य देशांत एक प्रश्नावली वापरतात. तींत जिना चढणें, मोजे घालणें, न्हाणीच्या टबांतून बाहेर येणें असे प्रश्न आहेत. आमच्या खेड्यांतील माणसास टब कोठून? म्हणून पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोपडा व त्यांचे सहकारी यांनीं ती आपल्या राहणीस जुळती केली आणि उकिडवें बसणें, मांडी घालून बसणें यांसारख्या गोष्टी तींत घातल्या. हा बदल दिसावयास लहान, परंतु मर्मावर बोट ठेवणारा आहे. आपला निम्मा संसार जमिनीवरच चालतो. गुडघा वांकेनासा झाला म्हणजे शौचास बसणें अवघड होतें, पंगतींत बसणें सुटतें, भजनास जाणें सुटतें, लग्नकार्याचें बोलावणें आलें कीं कांहीं तरी निमित्त सांगावें लागतें. रात्रीं कूस बदलतांना झोंप मोडते. चालणें कमी होतें, वजन वाढतें, वजनानें गुडघा अधिक दुखतो, आणि रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास तोही बळावतो. शेवटीं माणूस ओटीवर बसून राहतो, आणि घरच्यांस वाटतें कीं याचा स्वभावच चिडका झाला.

हें दुखणें शहरी व ऐषारामी लोकांचें, अशीही एक समजूत आहे. पुणें जिल्ह्यांतील भिगवण या गांवीं डॉ. चोपडा यांनीं १९९६ सालीं घरोघर पाहणी आरंभिली. चार हजारांहून अधिक प्रौढ स्त्रीपुरुषांची विचारपूस झाली, तेव्हां शंभरांत सुमारें अठरा जणांस सांधे, स्नायू किंवा पाठ यांचें दुखणें आढळलें, आणि गुडघा हें त्यांतील एक प्रमुख ठिकाण होतें. जगाचा हिशेब पाहिला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०१९ सालीं सुमारें ५२ कोटी ८० लाख लोकांस हा झिजेचा विकार होता, आणि त्यांपैकीं सुमारें ३६ कोटी ५० लाख लोकांचा गुडघा धरलेला होता. रोग्यांत स्त्रियांचें प्रमाण अधिक आहे.

शेतकऱ्यास हा विकार जडण्याचीं कारणें त्याच्या कामांतच आहेत. राबापासून झोडणीपर्यंत भाताचें कोणतेंही काम घ्या. त्यांत वांकणें, उकिडवें बसणें, चिखलांतून पाय उपसणें आणि डोक्यावर भारा वाहणें यांवांचून पाऊल पडत नाहीं. बीजिंग शहरांतील वृद्धांची एक पाहणी २००४ सालीं प्रसिद्ध झाली. तरुणपणीं जे दिवसांतून पुष्कळ वेळ उकिडवे बसत, त्यांच्यांत गुडघ्याची झीज अधिक दिसली. त्यांत जुनी दुखापत, वाढतें वजन व घराण्यांतील कल यांची भर पडते. येथें एक गोष्ट स्पष्ट लिहिणें आम्ही कर्तव्य समजतों. आवणी व बेणणी हीं कामें बहुतेक स्त्रिया करतात, मग त्या घरच्या असोत वा मजुरीच्या. आणि घरीं येऊन पुन्हां चूल, केर, धुणें हेंही बसूनच करतात. गुडघा त्यांचा आधीं जातो, आणि तक्रार त्या सर्वांत शेवटीं करतात.

आतां उपायांविषयीं. पहिली चूक म्हणजे पूर्ण विश्रांति. दोन दिवस सूज असतां पाय उचलून ठेवणें योग्य. पण महिनोन् महिने बसून राहिल्यानें मांडीचे स्नायू वाळतात आणि सगळा भार सांध्यावर पडतो. आपल्याच तालुक्यांत अकलोली, गणेशपुरी व वज्रेश्वरी येथें उन्हाळीं आहेत. त्या ऊन पाण्यानें आंखडलेला सांधा सैल होतो व बरें वाटतें, हें खरें. परंतु तें सुख कांहीं काळापुरतें आहे; त्या पाण्यानें कूर्चा पुन्हां उगवत नाहीं. दुसरी चूक दुकानांतून गोळी आणून रोज घेण्याची. अशा गोळ्यांनीं जठरास व्रण होतात, मूत्रपिंडास अपाय होतो व रक्तदाब चढतो. अनोळखी पुड्यांचा गुण एका रात्रींत आला तर अधिकच संशय धरावा. तींत स्टेरॉइड असण्याचा संभव असतो.

खरा उपाय रोजचा, स्वस्त व जरा कंटाळवाणा आहे, म्हणूनच तो मागें पडतो. खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ ताणावा, पांच अंक मोजेपर्यंत धरावा व सावकाश खालीं आणावा. असें प्रत्येक पायानें दहा वेळां, सकाळ-संध्याकाळ करावें. सपाट रस्त्यावर सोसेल तितकें चालावें. दोन-तीन महिने नेमानें केल्यावांचून गुण आला नाहीं असें म्हणूं नये. वजन जास्त असल्यास तें उतरवावें. शरीराचें वजन एक किलो घटलें तर प्रत्येक पावलास गुडघ्यावरचा भार सुमारें चार किलोंनीं कमी होतो, असें अमेरिकेंतील २००५ सालच्या एका अभ्यासांत आढळलें. म्हणजे पांच किलो उतरविणारा माणूस पावलागणिक वीस किलोंचें ओझें खालीं ठेवतो. कांठी दुखऱ्या बाजूस न धरतां उलट बाजूच्या हातांत धरावी. घरांत उंच ओटा, शौचकुपांत कमोड किंवा त्यावर ठेवावयाची खुर्ची, आणि निवडण-टिपण करण्यास चौरंग, एवढी सोय करण्यास एका पोत्याच्या भातापेक्षां फारसें अधिक लागत नाहीं.

शेतांतही असाच फेरफार शक्य आहे. रायगड जिल्ह्यांत नेरळ येथें श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनीं सगुणा भात तंत्र प्रचारांत आणलें आहे. त्यांत कायमचे गादीवाफे करून सांच्यानें भोकें पाडतात व त्यांत बीं टोकतात. चिखलणी व आवणी करावी लागत नाहीं. या तंत्राची चर्चा खर्च व उत्पन्न यांवरच होते. आमच्या मतें चिखलांत वांकून घालविलेले दिवस वांचतात, हाही त्याचा मोठा लाभ आहे, आणि तो जमेस धरला पाहिजे.

इतकें करूनही दुखणें झोंप मोडीत असेल व घराबाहेर पडणें बंद झालें असेल, तर शस्त्रक्रियेस भ्यावें असें कारण नाहीं. त्या वेळचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे मुंबईंत ब्रीच कँडी रुग्णालयांत डॉ. चित्तरंजन राणावत यांनीं बदलले. एक ऑक्टोबर २००० मध्यें व दुसरा जून २००१ मध्यें. ऑगस्ट २०१७ मध्यें केंद्र सरकारनें कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हां नेहमींच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत सरासरी १,५८,३२४ रुपयांवरून ५४,७२० रुपयांवर आली. बसविलेल्या सांध्यांपैकीं शंभरांत सुमारें ८२ पंचवीस वर्षें टिकतात, असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत दिसलें. मात्र नव्या गुडघ्यावर उकिडवें बसणें बहुधा साधत नाहीं. हें आधीं समजून घ्यावें. दुर्बिणीनें गुडघा नुसता धुऊन घेण्याचा सल्ला कोणी दिला तर दुसऱ्या तज्ज्ञाचें मत घ्यावें. अमेरिकेंत ह्यूस्टन येथें २००२ सालीं खरी व लुटुपुटीची अशा दोन्ही शस्त्रक्रिया करून तुलना केली, तेव्हां झिजेच्या गुडघ्यास तिचा विशेष लाभ दिसला नाहीं. परंतु गुडघा एकाएकीं लाल व गरम झाला, ताप आला, किंवा पडल्यावर पायावर भार देववेना, तर एक दिवसही वाट न पाहतां डॉक्टरास दाखवावें.

म्हातारपण टळत नाहीं, परंतु लंगडणें म्हणजेच म्हातारपण नव्हे. आमची वाचकांस एवढीच विनंति आहे कीं, येत्या आवणीच्या आधीं एका संध्याकाळीं घरांतील प्रत्येक मोठ्या माणसास तीन प्रश्न विचारावे: जमिनीवरून हाताच्या आधारावांचून उठतां येतें काय? गुडघ्यापायीं कोणतें काम किंवा कोणतें जाणें-येणें सोडलें? रात्रीं झोंप लागते काय? आईस व पत्नीस हे प्रश्न आधीं विचारावे, कारण त्या आपण होऊन सांगणार नाहींत. जें सुटलें असेल त्याची यादी करावी आणि त्यांतील एक गोष्ट तरी वर्षाच्या आंत परत मिळवावी. बैलास दहा पावलें चालवून पाहणाऱ्या शेतकऱ्यास आपल्या घरच्या माणसांची चाल पाहणें अवघड जाऊं नये.