गणपतीचा कारखाना: आधी घरची मजुरी धरा, मग भाव सांगा

भाताची लावणी आटोपली की रायगड जिल्ह्यात गावोगावच्या पडव्या आणि ओट्या गणपतींनी भरून जातात. पेण शहर आणि जवळची हमरापूर, जोहे ही गावे तर या धंद्यासाठी सर्वदूर प्रसिद्ध आहेत. तिथून कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या मूर्ती नेऊन आपल्या गावात रंगवून विकणारेही पुष्कळ आहेत. शेतीला जोड म्हणून हा धंदा चांगला. पण कला हातात आहे म्हणून धंदा जमतोच असे नाही. आमच्या लहानशा कारखान्यात वर्षानुवर्षे काम करताना जे शिकायला मिळाले, ते इथे मांडत आहे. नव्याने हात घालणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा.

घरचं माणूस फुकट नसतं

सर्वांत मोठा धडा हिशेबाचा. एक उदाहरण घ्या. समजा, तुम्ही हंगामात १५० मूर्ती केल्या. माती, रंग, वीज, वाहतूक मिळून ४५,००० रुपये खर्च आला. म्हणजे मूर्तीमागे ३०० रुपये. मूर्ती ५०० रुपयांना विकली की वाटते, २०० रुपये सुटले. पण घरातली दोन माणसे शंभर दिवस राबली, त्यांचे काय? रोजची मजुरी ४०० रुपये धरली तरी ८०,००० रुपये होतात. एकूण खर्च गेला १,२५,००० रुपयांवर. त्यात दहा मूर्ती फुटल्या, दहा उरल्या. विकल्या गेल्या १३०. आता भागाकार करून बघा. एक मूर्ती सुमारे ९६० रुपयांना पडली. ५०० ला विकणारा मूर्तीमागे ४६० रुपये घरातून घालतो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

भाताचा हिशेब करताना आपण हेच करतो. बियाणे, खत, औषध लिहितो, घरच्यांची मेहनत लिहीत नाही. मूर्तीच्या धंद्यात तर सगळा खर्च मेहनतीचाच. म्हणून एक वही ठेवा. कोण किती दिवस बसले ते रोज लिहा. डोळ्यांची आखणी करणाऱ्याची मजुरी वेगळी धरा. ते काम सगळ्यांना जमत नाही.

विसार घ्या, लिहून घ्या

गिऱ्हाईक ओळखीचेच असते. “काका, नेताना देतो की पैसे,” असे म्हणते. गावात नाही म्हणणे जड जाते. तरीही विसार घेतल्याशिवाय मूर्ती राखून ठेवू नका. नाव, उंची, पितांबराचा रंग, ठरलेली किंमत, मिळालेला विसार, न्यायचा दिवस, सगळे वहीत लिहा आणि त्याच्यासमोर वाचून दाखवा. त्यामुळे ऐन हरतालिकेच्या दिवशी वाद होत नाही. देवाच्या मूर्तीवरून तर तो मुळीच होऊ नये.

उधारीचे तसेच. विसर्जन झाले की मूर्ती पाण्यात गेली. मग पैसे मागायला गेलात तर तुम्हीच वाईट. राहिलेली रक्कम मूर्ती उचलतानाच घ्या.

आता लोक मोबाइलवर फोटो दाखवतात आणि “अश्शीच पाहिजे” म्हणतात. साच्यातली मूर्ती आणि हाताने घडवायची मूर्ती यांत दिवसांचा फरक असतो. खास मूर्ती किती घ्यायच्या तो आकडा हंगामाआधी ठरवा. तो भरला की हात जोडून नाही म्हणा.

पंचांग बघून काम लावा

गणेश चतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला आली. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता म्हणून ती १९ सप्टेंबरला गेली. २०२५ मध्ये पुन्हा २७ ऑगस्ट. हा तीन आठवड्यांचा फरक शाडूच्या कामात फार मोठा आहे. शाडूची मूर्ती सावलीत, सावकाश वाळवावी लागते. घाई केली की तडा जातो, आणि पावसाळी दमट हवेत वेळ अजून वाढतो. म्हणून चतुर्थीपासून मागे दिवस मोजा आणि मातीकाम पावसाआधी जितके उरकेल तितके उरका.

आणखी एक गोष्ट. विसार आलेल्या मूर्तीच आधी रंगवा. बाकीच्या कच्च्या ठेवा, मागणी येईल तशा रंगवा. उरल्या तर रंगाचा खर्च आणि मेहनत तरी वाचते. पण उंदीर, ओल यांपासून वर्षभर सांभाळाव्या लागतात हे विसरू नका.

पीओपीच्या मूर्ती हलक्या आणि झटपट होतात. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत पीओपीला मनाई केली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती बनवायला मुभा दिली, मात्र नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. माल भरण्याआधी त्या वर्षीचा नियम विचारून घ्या.

सरपंच, ग्रामसेवकांनी लक्ष द्यावे

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत मूर्तिकार आणि कुंभार यांचा समावेश आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने कर्ज अशी तरतूद आहे. कर्ज आधी एक लाखापर्यंत, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत. एका कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो. अर्जाची पहिली तपासणी ग्रामपंचायतीत होते. तेव्हा अर्ज तिथे पडून राहू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

कर्ज घेणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे, की गणपतीचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि हप्ता मात्र दर महिन्याला. नवरात्रातील देवीच्या मूर्ती, दिवाळीच्या पणत्या, मुलांच्या किल्ल्यांवरचे मावळे, अशी पुढची कामे धरली तर चार पैसे फिरते राहतात.

शेवटी मुद्दा पुन्हा मजुरीचाच. कारागिराचा मुलगा कंपनीत जातो तेव्हा लोक म्हणतात, त्याला कलेची आवड नाही. आवड असते हो! पण त्याने लहानपणापासून आईबापांना रात्ररात्र जागून रंगवताना पाहिलेले असते, आणि त्या जागरणाचा पैसा घरच्या वहीत कुठेच दिसत नाही. तो पैसा वहीत लिहा, भावात धरा आणि गिऱ्हाइकाला न लाजता सांगा. पोराला त्याची मजुरी दिसली, तर तो साच्याला हात लावील.