एकच रोग, दोन वाटा : प्रोस्टेटच्या कर्करोगात जनुके काय सांगतात?

गेल्या पंधरवड्यात एका वाचकांचे पत्र आले. ते लिहितात, ‘डॉक्टरसाहेब, स. न. वि. वि. माझे थोरले बंधू आणि माझे साडू, दोघेही सत्तरीच्या घरातले. एकाच वर्षी दोघांना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. साडू आज सात वर्षांनंतरही रोज सकाळी मळ्यावर चक्कर मारून येतात. आमचे बंधू मात्र दोन वर्षांत गेले. शेवटी रोग हाडांत पसरला होता. रोग एकच, मग एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा असे का? हे नशीब समजायचे की कोणाची चूक?’

दोघांचेही कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्याविषयी नेमके काही सांगणे योग्य होणार नाही. पण प्रश्न मात्र फार मोलाचा आहे. जगभरचे संशोधक गेली पंचवीस-तीस वर्षे नेमक्या याच प्रश्नाच्या मागे लागलेले आहेत. त्यांच्या हाती काय लागले, ते आज सोप्या शब्दांत पाहू.

ग्रंथी लहान, घोर मोठा

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांत असणारी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला सर्व बाजूंनी वेढून ती बसलेली असते. तरुणपणी तिचा आकार अक्रोडाएवढा असतो. वीर्यातील काही द्रव तयार करणे हे तिचे काम. पन्नाशीनंतर बहुतेकांची ही ग्रंथी वाढू लागते. लघवीची धार बारीक होते, रात्री तीन-चारदा उठावे लागते. ही वाढ बहुतेक वेळा साधी असते, तो कर्करोग नव्हे, हे वाचकांनी प्रथम ध्यानात घ्यावे.

कर्करोग झालाच, तरी तो सर्वांत सारखा वागत नाही. ब्रिटनमध्ये ग्रंथीतच मर्यादित रोग असलेल्या १६४३ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले गेले. एका गटावर शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याला किरणोपचार दिले आणि तिसऱ्यावर फक्त नियमित लक्ष ठेवले. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. तिन्ही गटांत मिळून या रोगाने दगावलेले शंभरात तीनसुद्धा नव्हते, आणि गटागटांत म्हणावा असा फरक पडला नाही. मात्र नुसते लक्ष ठेवलेल्या गटात शंभरातील सुमारे नऊ जणांचा रोग ग्रंथीबाहेर दूरवर पसरला. उपचार केलेल्या गटांत हेच प्रमाण सुमारे पाच होते.

म्हणजे बहुतेकांची गाठ निजलेली असते, काहींची मात्र पाय फुटल्यासारखी धावत सुटते. खरी अडचण आहे ती या दोहोंना आधी ओळखण्याची. न ओळखता सर्वांवर शस्त्रक्रिया केली, तर कित्येकांना विनाकारण लघवी न थांबण्याचा किंवा वैवाहिक जीवनातील दुबळेपणाचा त्रास भोगावा लागतो. न ओळखता सर्वांना तसेच सोडले, तर काहींचा जीव जातो.

गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिला गुण देण्याची पद्धत अमेरिकेतील डॉ. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ साली मांडली. आजही आपल्या रिपोर्टवर ‘ग्लीसन स्कोअर’ असतो तो हाच. पद्धत उत्तम आहे, पण तिने फक्त पेशींची ठेवण दिसते. पेशींच्या मनात काय आहे, ते दिसत नाही.

आचाऱ्याची वही आणि चिठ्ठी

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. त्यातील सुमारे वीस हजार जनुके प्रथिने तयार करण्याच्या सूचना बाळगून असतात. डोळ्यात तीच जनुके, यकृतातही तीच. मग डोळा डोळ्यासारखा आणि यकृत यकृतासारखे कसे?

लग्नघरचा आचारी आठवा. त्याच्या वहीत दोनशे पदार्थांच्या कृती असतात, पण सर्व पदार्थ एकाच दिवशी होत नाहीत. यजमानाकडून चिठ्ठी येते, जिलबी मणभर, मठ्ठा दोन पातेली, आणि तेवढेच तयार होते. पेशीतही तसेच. जनुक ही वहीतील कृती, ‘आरएनए’ नावाचा रेणू ही त्यावरून उतरवलेली चिठ्ठी आणि प्रथिन हा तयार पदार्थ. कोणत्या जनुकाच्या किती चिठ्ठ्या निघाल्या, यालाच शास्त्रज्ञ जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात.

कर्करोगात कधी वहीतील कृतीच खाडाखोड होऊन बिघडते, तर कधी कृती ठीक असूनही चिठ्ठ्या भलत्याच निघू लागतात. ज्या पदार्थाची गरज नाही त्याच्या हजार चिठ्ठ्या, आणि गाठीला आवर घालणाऱ्या प्रथिनाची एकही नाही! तेव्हा गाठीतील चिठ्ठ्या मोजता आल्या, तर तिच्या मनातले कळेल.

हजारो चिठ्ठ्या एका काचेवर

पूर्वी एकेका जनुकाच्या चिठ्ठ्या मोजायलाच बराच वेळ लागे. १९९५ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात पॅट्रिक ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. काचेच्या पट्टीवर बारीक ठिपके, प्रत्येक ठिपक्यात एकेका जनुकाचा डीएनए. रोगी पेशींतील चिठ्ठ्यांच्या नकलांना लाल रंग, निरोगी पेशींतील नकलांना हिरवा. दोन्ही एकत्र करून काचेवर सोडायच्या. ज्याची नक्कल त्याच ठिपक्याला जाऊन चिकटते. ठिपका लाल दिसला तर ते जनुक रोगात जास्त वाचले जाते, हिरवा दिसला तर कमी, पिवळा दिसला तर दोन्हीकडे सारखे. पहिल्या प्रयोगात एका लहान रोपट्याची ४५ जनुके होती. पुढे काही वर्षांतच ही संख्या हजारोंवर गेली.

२००१ साली मिशिगन विद्यापीठातील अरुल चिन्नय्यन यांच्या गटाने प्रोस्टेटचे पन्नासहून अधिक नमुने सुमारे दहा हजार जनुकांच्या अशा काचेवर तपासले. निरोगी ग्रंथी, साधी वाढ, ग्रंथीतील कर्करोग आणि पसरलेला कर्करोग यांचे रंगांचे ठसे वेगवेगळे निघाले. पुढच्याच वर्षी याच गटाने ‘ईझेडएच२’ नावाच्या जनुकाकडे बोट दाखवले. त्यापासून बनणारे प्रथिन इतर जनुकांना जणू कुलूप घालते. पसरलेल्या रोगात त्याच्या चिठ्ठ्या फार वाढलेल्या होत्या. शिवाय, गाठ अजून ग्रंथीतच असतानाही ज्यांच्यात हे प्रथिन जास्त सापडले, त्यांचा रोग पुढे बळावण्याची शक्यता अधिक दिसली. सूक्ष्मदर्शकाला न दिसलेली चाहूल चिठ्ठ्यांनी दिली.

पसरलेल्या रोगाचे नमुने मिळवणे सोपे नसते. हाडातील गाठी सहसा कोणी कापून काढत नाही, आणि मृत्यूनंतर आरएनए झपाट्याने नासतो. म्हणून मिशिगनमध्ये आजारी माणसे जिवंतपणीच संमती लिहून देत, आणि निधनानंतर काही तासांतच नमुने घेतले जात. स्वतःला काहीही लाभ होणार नाही हे ठाऊक असून त्यांनी हे दान केले. आज आपण जे शिकतो आहोत, त्यात त्यांचे ऋण मोठे आहे.

रोग हाडातच का जातो?

इंग्लंडचे शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली एक विचार मांडला. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून ते म्हणाले, रोगाचे बी सगळीकडे उडते, पण रुजते ते मानवेल त्याच मातीत. शेतकरी वाचकांना हे वेगळे सांगायला नको! प्रोस्टेटच्या बियाणाला हाडाची माती मानवते. कमरेच्या मणक्यांकडे जाणाऱ्या शिरांचे जाळेही ग्रंथीच्या जवळच असते. ऑस्कर बॅटसन यांनी १९४० साली ते दाखवून दिले.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. १९९८ साली एक निवृत्त गुरुजी कंबरदुखीसाठी माझ्याकडे आले. वय अडुसष्ट. मी वयाचे दुखणे समजून गोळ्या दिल्या, पट्टा बांधायला सांगितला. दोन महिने असेच गेले. एके दिवशी ते म्हणाले, ‘दिवसापेक्षा रात्री जास्त ठणकते, डॉक्टर.’ तेव्हा कुठे मी एक्स-रे काढला. मणक्यांवर चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे पांढरे डाग होते. लघवीचे विचारले, तर त्रास वर्षभर होता. ‘वयाचे म्हणून बोललो नाही,’ ते म्हणाले. ते बोलले नाहीत हे खरे, पण मी विचारलेही नव्हते.

किल्ली आणि कुलूप

प्रोस्टेटच्या पेशी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर पोसल्या जातात. संप्रेरक ही किल्ली, आणि पेशीतील ग्राहक प्रथिन हे कुलूप. किल्ली लागली की वाढीच्या चिठ्ठ्या निघू लागतात. आपण रक्तात जी ‘पीएसए’ तपासणी करतो, ते प्रथिनही याच किल्लीच्या हुकमाने बनते. शिकागोचे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले, की वृषण काढून संप्रेरक तोडले की पसरलेला रोगही ओसरतो. त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

गुरुजींवर तीच लहान शस्त्रक्रिया झाली. आठवड्यात ठणका थांबला, ते पुन्हा देवळापर्यंत चालत जाऊ लागले. पण दोन वर्षांनी पीएसए चढू लागले. किल्लीच नाही, तर कुलूप उघडते कसे? याचे उत्तर तेव्हा माझ्याजवळ नव्हते. पुढच्या वर्षी गुरुजी गेले.

उत्तर २००४ साली आले. अमेरिकेत चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने उंदरांत वाढवलेल्या मानवी गाठींच्या सात जोड्या घेतल्या, प्रत्येक जोडीत एक औषधाला दाद देणारी आणि एक न देणारी. हजारो जनुकांच्या चिठ्ठ्या ताडून पाहिल्या. सातही जोड्यांत सारखा आढळलेला बदल एकच होता : कुलपाच्या चिठ्ठ्या वाढलेल्या होत्या. कुलपे वाढली की उरल्यासुरल्या किल्ल्याही पुरतात. या किल्ल्या मूत्रपिंडावरील ग्रंथी आणि खुद्द गाठही तयार करते. यावरून कुलूपच घट्ट बंद करणारे एन्झालुटामाइड हे औषध शोधले गेले, त्याला अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली. किल्ली बनवणेच थांबवणारे अबिराटेरॉन २०११ साली आले होते. आज ही औषधे आपल्याकडेही मिळतात. ती रोग समूळ घालवत नाहीत, पण अनेकांचे आयुष्य वाढवतात. गुरुजींच्या वेळी ती नव्हती.

आपण काय करावे?

गाठीच्या तुकड्यातील सतरा किंवा बावीस जनुकांच्या चिठ्ठ्या मोजून धोका वर्तवणाऱ्या तपासण्या अमेरिकेत वापरात आहेत. त्या प्रत्येकाला लागतात असे नाही, महागही आहेत. आपल्या हातात मात्र याहून साध्या गोष्टी आहेत.

लघवीची तक्रार वयावर ढकलू नका. लघवीतून रक्त जाणे, रात्री वाढणारी आणि विश्रांतीने न थांबणारी कंबरदुखी, ही लक्षणे लगेच दाखवा. कंबरदुखीबरोबर पायातील जोर कमी झाला किंवा लघवी अडली, तर एक दिवसही थांबू नका. मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. पीएसए वाढले म्हणजे कर्करोगच, असे नाही. साधी वाढ किंवा सूज असली तरी ते वाढते. वडिलांना किंवा भावाला हा रोग असेल, अथवा आई-बहिणीला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण सदोष ‘बीआरसीए२’ जनुकाने या रोगांचा धोका वाढतो. आणि डॉक्टर ‘नुसते लक्ष ठेवू’ म्हणाले, तर ते टाळत आहेत असा समज करून घेऊ नका. मात्र लक्ष ठेवायचे म्हणजे ठरलेल्या तारखेला जायचेच.

आता पत्रलेखकांना उत्तर. आपले बंधू आणि साडू यांच्या रोगाचे नाव एक होते, पण त्यांच्या गाठींतील चिठ्ठ्या बहुधा एकसारख्या नसाव्यात. रोग कोणत्या टप्प्यावर सापडला, यानेही मोठा फरक पडतो. तेव्हा सारे नशिबावर टाकू नका आणि बंधूंच्या सेवेत आपण कोठे कमी पडलो, असेही मनाला लावून घेऊ नका. आपण त्यांचे सख्खे भाऊ आहात. या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन स्वतःविषयी मात्र एकदा बोलून या. आणि डॉक्टरांनी लघवीचे विचारले नाही, तर आपणच सांगा.